मागच्या ब्रेकचा नॉब

माझं माहेर खंडाळ्याचं. बंगल्यांच्या खंडाळ्याचं न्हाई बरं का ताई, घाट सुरू व्हायच्या आधी जुन्या हायवेच्या कडेला आबांचं पत्र्याचं शेड होतं, त्या खंडाळ्याचं. आबा म्हणजे माझे वडील, ब्रेकचं काम करायचे, फक्त ब्रेकचं, इंजिनाला हात लावायचे न्हाईत. घाट उतरायच्या आधी गाडीवाले तितं थांबायचे, लायनर दाखवायचे, चहा प्यायचे आन् खाली जायचे. काही थांबायचे न्हाईत. जे थांबायचे न्हाईत त्यांच्यापायी मग आबांना खाली वळणावर बोलावणं यायचं, पहार, जॅक, वायर कापायची कात्री घेऊन, आन् मी संगं. मी का, तर माझा हात बारीक. केबिन चेपली की मोठ्या माणसाचा हात आत जात न्हाई, पोरीचा जातो. काय सांगू तुमाला, दुसऱ्या पोरी सागरगोटे खेळायच्या त्या वयात मी चेपलेल्या पत्र्यात हात घालून ड्रायव्हरचा पाय कुटं अडकलाय ते चाचपून सांगायची. माणसाचं रक्त गरम असतं हे मला तितं कळलं. पयल्यांदा कळलं तवा मी बाजूला जाऊन ओकले. आबा म्हणाले, झालं? आता परत हात घाल.

एकदा एक पेट्रोलची गाडी उलटली होती. आतला माणूस जिता होता, ओरडत होता, आईचं नाव घेत होता. आबा सांगत होते की थांबा, आधी बॅटरी सोडवा, पर लोकांनी ऐकलं न्हाई, जिता माणूस ओरडतोय आन् हा म्हातारा वायर काढतोय म्हणून आबांना ढकलून दिलं आन् सगळे दरवाजाला भिडले. दरवाजा ओढला, वायर घासली, ठिणगी उडाली. पुढचं मी सांगत न्हाई. तो ओरडायचा थांबेपर्यंत आमी लांब उभे राहून बघत होतो, दुसरं करण्यासारखं काही न्हवतं. त्या दिवसापासून आबांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं, आधी बॅटरी, मग दगड, मग माणूस. बॅटरीची वायर काढायची, चाकाला दगड लावायचे, गाडी हलणार न्हाई असं बघायचं, आन् मगच माणसाला हात. जेवताना विचारायचे, वेणी घालत बसले तरी विचारायचे. पयलं काय? बॅटरी. हे ध्यानात ठेवा ताई, पुढं ह्याच्यावरच माझा जीव टांगला गेला.

मला तवापासून सगळं क्रमानं लागतं. शेडच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा रंगवलेली आहे, बघितलीत न्हवं? पाना जागेवर नसला की भिंतच सांगते. दिवसाची कामं खडूनं लिहिते, झालं की पुसते. सासू म्हणायची, आमची सून चपात्या बी नंबर टाकून लाटती.

लग्न होऊन हितं सोमाटण्याला आले. ह्यांच्या घरची शेती होती, पवनेच्या पाण्यावरची, नदीवरनं पाइप आणलेली. रस्त्याकडची जमीन विकली गेली, उरली ती उरली, आन् मालकांच्या डोक्यात जीप शिरली. मालक म्हणजे माझे यजमान, नाव घेत न्हाई मी, सवय न्हाई. आमच्या भागात तवा हे ऑफरोडचं लय खूळ आलतं. जुनी जीप घ्यायची, उंच करायची, मोठाले टायर घालायचे, आन् पावसाळा संपता संपता लोणावळ्याच्या पलीकडं डोंगरउतारावर चिखलात न्यायची. मालकांनी ह्या शेडवर बोर्ड लावला, जीप मॉडिफिकेशन, खाली स्वतःचं नाव. काम मी करायची. गिऱ्हाईक आलं की मालक पुढं खुर्चीवर, मी मागं गाडीखाली. कुणी विचारलं तर सांगायचे, बायको आहे, हाताखाली लागते, पाना देते.

मारायचे. ते एकदाच सांगते आन् पुढं जाते. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून न्हाई, तसलं न्हवतं. गिऱ्हाइकासमोर मी बरोबर बोलले की मारायचे. एकदा एका गिऱ्हाइकाला मी म्हणाले की तुमच्या पुढच्या डिस्कला तडा आहे, मालकांनी आधीच बघून पास केलती ती. गिऱ्हाईक गेलं आन् जॅकचा दांडा माझ्या बरगडीवर बसला. मूल न्हाई झालं आमाला, त्याचं बी निमित्त असायचं, सासू ते निमित्त हाताशीच ठेवायची. धाकटा दीर सतीश तेवढा मधी पडायचा, म्हणजे मधी पडायचा न्हाई, दारात उभा राहून नुसता दादा, दादा करायचा. तेवढं बी दुसरं कुणी करत न्हवतं.

आता जीपचं सांगते, मूळ गोष्ट तीच आहे.

मालकांनी स्वतःसाठी एक जुनी पेट्रोलची जीप घेतली. मागचं छप्पर काढलं, मागची सीट काढली, पत्रा काढला, नुसता लोखंडी पाइपांचा पिंजरा ठेवला. त्यात मागच्या चाकांना ड्रमचे ब्रेक होते ते काढून डिस्कचे बसवले, मोठे, जोराचे. मी म्हणाले, मागं वजन ठेवलं न्हाई आन् ब्रेक वाढवला, हे उलटं झालं. ताई, साधं आहे बघा. तुमी ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं येतं, मागली चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जोराचा ब्रेक मिळाला की ते जागीच थांबतं, घसरायला लागतं. पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ तरी जाते. मागचं घसरलं की शेपूट पुढं यायला बघते, गाडी आडवी होते, आन् उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. मागच्या मैदानात मी चालवून बघितली, साध्या वेगाला ब्रेक दाबला तर अर्धी फिरली.

त्यावर इलाज आहे. एक व्हॉल्व्ह मिळतो, मागच्या ब्रेकच्या पाइपात मधी बसवायचा, त्याला नॉब असतो, नॉब फिरवून मागं किती दाब जाऊ द्यायचा ते ठरवता येतं. मालकांनीच कुटंतरी मोबाइलवर बघितला आन् मागवला. मला म्हणाले, बसव. मी बघितलं तर वस्तू चांगली होती.

बसवताना पयलं काम म्हणजे कंपनीचा जुना पितळी व्हॉल्व्ह काढून टाकला, कारण एकामागं एक दोन ठेवले तर मागं काय पोचतंय त्याचा हिशेब राहत न्हाई. मग पाइप कापला, तोंडं फुलवली, आटे बसवले, तेल भरलं, चारी चाकांच्या ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. सतीश पेडल दाबायला बसलता. राहिलं होतं एकच, व्हॉल्व्ह कुटं लावायचा. माझं म्हणणं होतं बॉनेटच्या आत लावू. एकदा बसवला की चालवणाऱ्याचा हात पोचायला नको. मालक म्हणाले, गिअरच्या शेजारी लाव, दिसला पाहिजे. त्यांच्या मित्रांच्या जीपला न्हवता ना तो. मी म्हणाले, दिसायची वस्तू न्हवं ही. तर ब्रेकचा उरलेला पाइप पडलेला होता, तांब्याचा, तो उचलून माझ्या पाठीवर ओढला, तीनचारदा, आन् म्हणाले, आता दिसतंय का कुटं लावायचा?

गिअरच्या शेजारी लावला.

मग मी जीप मैदानात नेऊन नॉब कुटं ठेवायचा ते ठरवत बसले. आधी नॉब पार बाहेर, म्हणजे मागं सगळ्यात कमी. जोरात ब्रेक. मग थोडा आत. परत जोरात ब्रेक. सतीश बाहेरनं चाकं बघायचा, वैनी, पुढची धरली, म्हणजे आधी पुढची जाम झाली, वैनी, अजून पुढचीच. असं करत करत जितं मागली चाकं पुढच्यांच्या आधी धरायला लागली, तितनं नॉब मागं घेतला आन् ठेवला. मैदानाला पाणी मारून ओल्यावर बी बघितलं, अजून जरा कमी केला. मग नखाला लावायचं पॉलिश आणलं, लाल, आन् नॉबवरनं खालच्या बॉडीवर एक सरळ रेघ ओढली. आबा खुणेला रंग वापरायचे, मी नेलपॉलिश वापरते, लवकर वाळतं आन् तेलानं जात न्हाई. नॉब जरा जरी हलला तरी रेघ तुटते, वरची अर्धी एकीकडं, खालची दुसरीकडं. मी माझ्या हातच्या सगळ्या खुणा अशाच करते.

आन् मग ती एक गोष्ट सांगायची राहिली होती. ह्या व्हॉल्व्हचा नॉब उजवीकडं फिरवला की आतली स्प्रिंग दाबली जाते आन् मागं जास्त दाब जातो. डावीकडं फिरवला की कमी. पाण्याच्या कॉकच्या उलटं. मळ्यातला कॉक उजवीकडं फिरवला की बंद होतो, सगळ्यांच्या हाताला तेच वळण. मालकांचा जन्म नदीवरच्या पाइपलाइनचे कॉक फिरवण्यात गेला. म्हणून मला सांगायचंच होतं. नेमके त्यांचे मित्र आलते, जीप बघायला, त्यातला बाळा म्हणून एक होता, आडदांड, मालकांच्या मागं मागं असायचा. मी पदराला हात पुसत पुढं गेले आन् सगळ्यांच्या देखत म्हणाले, अहो, हा नॉब हलवू नका, आन् हलवायची पाळी आलीच तर ध्यानात ठेवा, हा मळ्यातला कॉक न्हवं, उजवीकडं फिरवलं की वाढतं.

बाळा हसला. म्हणाला, वैनी, आता तुमी आमाला कॉक शिकवणार व्हय?

मालकांनी उलट्या हाताची ठेवून दिली. ओठ फुटला. म्हणाले, तुझ्या बापानं पाणी तरी बघितलंय का कवा, खंडाळ्याच्या दगडात वाढलीस तू. आमच्या मळ्यात सगळे कॉक मी फिरवतोय मिशी फुटायच्या आधीपासून. बाळा परत हसला. सतीश खाली बघत होता. मी तोंड धुतलं आन् पाने भिंतीला लावायला लागले. सगळ्यांनी ऐकलंय, एवढं मनात धरलं.

त्या उताराचं आता सांगते. लोणावळ्याच्या पलीकडं कुणाची तरी खासगी जागा होती, गवताचा डोंगरउतार, खाली दगडांचा ओढा. पंचवीसतीस जीपा आलत्या, स्पीकर लावलेला, वडापावची गाडी. मालकांनी मला नेलं होतं, लोकांना सांगितलं जेवणाचा डबा घेऊन आली आहे. मी खाली ओढ्याच्या अलीकडं पान्यांची पेटी, पहार न् जॅक घेऊन बसले. शेजारी सतीश बसला मालकांच्या. पयल्यांदा उतरले ते नीट उतरले. मधी गवत ओलं होतं तितं शेपूट इतकीशी हलली, ते हलणारच, कुणाची बी हलली असती, गाडी सरळ आली. पर वरनं कुणीतरी ओरडलं, मालक, बायकोनं ब्रेक बरोबर लावला न्हाई का? आन् सगळे हसले. मी खालनं ऐकलं ते. मालकांनी जीप परत वर चढवली.

दुसऱ्यांदा उतरताना मला पयल्या ब्रेकलाच कळलं. मागली दोन्ही चाकं दगडासारखी जागेवर. शेपूट डावीकडनं पुढं आली, मालकांनी स्टिअरिंग फिरवलं, ब्रेक सोडला न्हाई, अजून दाबला असणार, जीप आडवी झाली आन् मग लोळली. एकदा, दोनदा, मग मोजलं न्हाई. पत्र्याचा आवाज येतो तसा येत न्हाई हो माणसाचा, माणसाचा आवाज मधीच बंद होतो. पिंजऱ्याचा एक पाइप मोडला. जीप ओढ्याच्या दगडावर डोक्यावर पडली, चाकं वर, फिरतायत. सतीश पट्ट्याला उलटा लटकलेला, तोंडातनं रक्त. मालकांनी पट्टा लावलेला न्हवता. ते अर्धे बाहेर, कमरेपासून खाली पिंजऱ्याच्या पाइपाखाली. ओरडत होते. माझंच नाव घेऊन ओरडत होते. आन् पेट्रोल गळत होतं, टपटप, गरम सायलेन्सरच्या शेजारी.

मी पोचले पयली, मी खालीच होते. आन् मी मालकांकडं गेले न्हाई. बॉनेट वाकलं होतं, त्यात पहार घालून उचकटलं, हात आत घातला, बॅटरीची वायर काढली. मग दगड लावले दोन्ही अंगाला. तवर वरनं माणसं आली, अर्ध्यांच्या हातात मोबाइल, शूटिंग चालू. बाळा मला ओढायला लागला, नवरा मरतोय न् तू बॉनेट उघडतीस? मी त्याच्या हाताला चावले. खरंच चावले, रक्त आलं. दगड लावून झाले, मग जॅक लावला, मग मालकांना ओढलं, मग सतीशचा पट्टा कापला. आग लागली न्हाई, काही झालं न्हाई. काही झालं न्हाई म्हणूनच कुणाला कळलं न्हाई की काय व्हायचं राहिलं.

मालकांचा मणका गेला. कमरेखाली काही उरलं न्हाई. सतीशच्या गळ्याचं हाड मोडलं, दात पडले. दवाखान्याच्या बाहेर सासूनं माझ्या झिंज्या धरल्या, आन् तितनंच ते सुरू झालं. गावात चार तोंडांनी एकच गोष्ट. हिला मारायचा तो, हिनं डाव साधला, ब्रेक हिनंच केला होता, नॉब हिनंच फिरवून ठेवला, आन् शूटिंगमधी बघा, नवरा दबलाय आन् ही बॉनेट उघडून पुरावा काढतीय. तो व्हिडिओ मावळभर फिरला. माझ्या पाठीवरचे वळ आत्तापर्यंत कुणाला दिसले न्हवते, ते आता सगळ्यांना एकदम आठवले, कारण त्यातनं माझ्यावरच गुन्हा सिद्ध होत होता. मजा आहे का न्हाई?

मोडकी जीप ओढून हितं शेडमधी आणून टाकली होती. मी एकटीच होते. नॉब बघायच्या आधी मला कळलं होतं, तरी बघितला. रेघ तुटली होती. वरची अर्धी रेघ उजवीकडं पार टोकाला गेलती. पूर्ण आत. मागं सगळा दाब. मी तिला हात लावला न्हाई. वर गोणपाट टाकलं.

भरदुपारी आले ते. बाळा, अजून चारपाच जण, आन् सासू रिक्षात बसून मागनं. आल्या आल्या भिंतीवरचे पाने उपसून बाहेर फेकले, एकेक, रंगवलेल्या जागा उघड्या पडल्या. तेलाचे डबे ओतले. सासूनं चपलेनं तोंडावर मारलं, ते मी मोजत न्हाई, त्या आई आहेत. पर बाळानं माझा हात धरला, उजवा, आन् बाकावरच्या शिकंज्यात घातला. शिकंजा म्हणजे तो, लोखंडी जबड्याचा, आपण पाइप धरतो तो. दांडा फिरवायला लागला. म्हणाला, बोल, मी नॉब फिरवला असं म्हण. एवढं म्हण, मोबाइल चालू आहे, म्हण आन् हात काढून घे.

मला ताई तितं उभं राहून सगळं क्रमानं दिसलं. म्हणाले तर तुरुंग. न्हाई म्हणाले तर हात. माझ्याकडं आयुष्यात दुसरं काय होतं, मूल न्हाई, माहेर न्हाई, आबा गेलेले, मला येतं ते सगळं त्या हातात होतं. मी म्हणाले, गोणपाट काढा आन् रेघ बघा, मी खूण केली तवा रेघ सरळ होती, आता तुटलीय, नॉब कुणी फिरवला ते गाडीत होते त्यांना विचारा. बाळा म्हणाला, रेघ तूच पुसली असशील, तूच नवी काढली असशील. आन् दांडा फिरवला. बोटाचं हाड मोडतं तवा आधी आवाज येतो, दुखणं मागनं येतं. दोन बोटं. मी ओरडले, पर ते वाक्य म्हणाले न्हाई. त्यानं परत दांड्याला हात घातला.

तवर सतीश दारात आला. दवाखान्यातनं घरी आणलं होतं त्याला, हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं. तसाच उभा राहिला, दारात, नेहमी उभा राहायचा तसा. मला वाटलं आता दादा, दादा करंल. मग म्हणाला, बाळा, सोड वैनीला. दादानं फिरवला.

तो बोबडं बोलत होता, दात न्हवते, पर बोलत राहिला. म्हणाला, वर सगळे हसले ना, तवा दादा चिडला. मागचा ब्रेक लय घेतोय म्हणाला, बंद करतो. माझ्यासमोर फिरवला, उजवीकडं, घट्ट होईपर्यंत. मी म्हणालो, दादा, वैनी म्हणालीय की हे उलटं आहे. तर म्हणाला, तुला बी तिनं शिकवलं व्हय? आन् बाळा, तू बी ऐकलंतंस वैनी काय म्हणाली ते. हितंच उभा होतास. हसलातास.

सासू उठली आन् सतीशच्या सुजलेल्या तोंडावर तिनं फाडकन मारली. सख्ख्या भावाच्या विरुद्ध बोलतोस, दादा आंथरुणात पडलाय आन् तू त्याचं नाव घेतोस? सतीश खाली बसला, तोंडातनं परत रक्त आलं, पर म्हणाला, आई, किती बी मार, त्यानंच फिरवला.

बाळानं दांडा उलटा फिरवला. शिकंज्याचा दांडा कुटं फिरवायचा ते तेवढं त्याला बरोबर माहीत होतं.

मी हात फडक्यात गुंडाळला आन् आधी पोलीस ठाण्यात गेले, मग दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, आधी हितं यायचं होतंत. मी म्हणाले, क्रम असतो. पोलिसांनी गोणपाट काढून रेघेचे फोटो घेतले, सतीशनं जबाब दिला, मग बाळाच्या मोबाइलमधलं त्याचंच शूटिंग त्याच्या विरुद्ध गेलं. केस चालू आहे, तारखा पडतात, जाते मी. ही दोन बोटं वाकडी राहिली ती राहिली. पान्याला पकड धरायची नवी रीत शिकले, आता चालतं.

मालकांचं विचारता? हितंच असतात. आधी सासूपाशी होते, मी हितं शेडमधी एकटी; सासू वारल्यावर सतीशच्या घरात त्यांचं कुणी करायला न्हवतं, त्यानं येऊन हात जोडले. शेड मालकांच्या जागेवर आहे, हे बी खरं आहे, मी उगीच देवीचा आव आणत न्हाई. मी पंचांसमोर तीन गोष्टी सांगितल्या. एक, बोर्ड माझ्या नावाचा. दोन, गिऱ्हाइकाशी मी बोलणार. तीन, हात उचलला तर त्या दिवशी त्यांचं कुणी करायचं न्हाई, न्हाणं न्हाई, जेवण न्हाई. एकदा तांब्या फेकून मारला त्यांनी, कपाळाला लागला. त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत मी त्यांच्याकडं गेले न्हाई. परत फेकला न्हाई. माफ केलंय का विचारू नका. माफ करणं माझ्या भिंतीवर लिहिलेलं न्हाई, त्यामुळं ते पुसायचं बी काम न्हाई.

व्हॉल्व्ह अजून बसवते, लय मागणी आहे. आता बॉनेटच्या आतच बसवते, कुणी कितीही म्हणालं तरी. वर नेलपॉलिशची रेघ, आन् शेजारी बाण काढते, ह्या बाजूला मागं जास्त. तेवढं करून बी गाडीची चावी देत न्हाई. आधी गिऱ्हाइकाला नॉब फिरवायला लावते, त्याच्या हातानं, आन् मैदानात ब्रेक मारायला लावते, शेपूट फिरली की मग त्याचं तोंड बघायचं. मग परत रेघेवर आणते. सांगून कळत न्हाई ते हाताला कळतं. बायको संगं असली तर तिला बी फिरवायला लावते.

चला, तुमाला उशीर होतोय, घाट उतरायचाय. चहा संपवा. तुमची गाडी मी मघाशीच बघितली, पुढचे पॅड अजून चांगले आहेत, तेल जरा काळं झालंय, ते मुंबईला गेल्यावर बदलून घ्या. उतारावर खालच्या गिअरमधी उतरा, सारखा ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. सुखरूप जा. पोचलात की फोन करा.

थांबा, मालक हाक मारतायत. बाहेर उन्हात बसवलंय ना त्यांना, खुर्चीवर. ही शेडची फरशी बघा कशी उताराची आहे, सरळ हायवेवर जाते, ट्रक चाललेले असतात. खुर्चीचा ब्रेक मागच्या बाजूला आहे, त्यांचा हात पोचत न्हाई, माझाच पोचतो. म्हणून बसवलं की रोज विचारतात, घाबरून विचारतात, ब्रेक लावलास का गं?

लावलाय हो! रोज लावलेला असतो.